वेलदोडा, दालचिनी आणि गोथेनबर्गचा ४ ऑक्टोबर

हागा नीगाता ही गोथेनबर्गमधली जुनी गल्ली. पायाखाली दगडी फरसबंदी आणि दोन्ही बाजूंना तळमजला विटांचा, वरचे दोन मजले लाकडी अशी घरं. एकोणिसाव्या शतकात आगीच्या भीतीने दोनपेक्षा जास्त मजल्यांची लाकडी घरं बांधायला बंदी होती. म्हणून तळमजला विटांचा करायचा आणि त्यावर दोन लाकडी मजले चढवायचे, अशी युक्ती या शहराने काढली. ३ ऑक्टोबरच्या सकाळी ट्राममधून उतरून मी त्या गल्लीत शिरले आणि चार पावलांवर थबकलेच. वास वेलदोड्याचा होता. शंकाच नको. श्रीखंडात घालायला वेलदोडे कुटायला घेतले की पहिल्या घावासरशी जो वास नाकात शिरतो, तोच.

मी आले होते दालचिनीच्या बनसाठी. वेलदोड्याचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझी मावसबहीण काही वर्षं इथे राहते. "यायचंच आहे तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला ये," असं तिने बजावून ठेवलं होतं. ४ ऑक्टोबर हा स्वीडनमध्ये ‘कानेलबुलेन्स दाग’. कानेल म्हणजे दालचिनी, बुले म्हणजे बन आणि दाग म्हणजे दिवस. त्या दिवशी शाळा, कचेऱ्या, दवाखाने, म्हाताऱ्या माणसांची निवासं, जिकडे तिकडे कॉफीबरोबर हा बन असतो.

हागामध्ये ताटलीएवढा मोठा बन मिळतो आणि प्रवासी त्याच्यासाठी रांगा लावतात. मीही घेतला. पण खरं सांगते, लहान बन जास्त चांगला. पातळ लाटलेल्या कणकेवर लोणी, साखर आणि दालचिनी पसरून तिची वळकटी करतात, मग काप करून भाजतात. लहान बनात प्रत्येक घासाला थोडी खरपूस कड, थोडा मऊ गाभा आणि वरच्या पांढऱ्या साखरखड्यांचा कुरकुरीतपणा, असं तिन्ही येतं. मोठ्यात निम्मा वेळ नुसता पाव खाल्ल्यासारखं होतं. आणि वेलदोडा? तो सारणात नाहीच, कणकेत मळलेला असतो. पिठात काळे-करडे कण दिसतात. दाताखाली एखादा आला की क्षणभर दालचिनी मागे सरते.

कॉफी आणि बन घेऊन निवांत बसण्याला इथे ‘फीका’ म्हणतात. आपल्याला फिका म्हटलं की बेचव चहा आठवतो, इथे मात्र दिवसातला सगळ्यात रुचकर अर्धा तास. कॉफीचा जुना बोली शब्द ‘काफी’. एकोणिसाव्या शतकात त्यातली अक्षरं उलटसुलट करून ‘फीका’ झाला. ज्या देशाने १७५६ साली कॉफीवर बंदी घातली आणि पुढची सहा-सात दशकं ती पुन्हा पुन्हा उठवली आणि लादली, त्याच देशात आज कॉफीवाचून पान हलत नाही. पहिला कप संपला की दुसरा बहुतेक ठिकाणी फुकट भरून घेता येतो. त्या दुसऱ्या कपाला ‘पोतोर’ असा स्वतंत्र शब्दसुद्धा आहे!

या दिवसाचा जन्म कसा झाला हे कळलं तेव्हा मी जरा खट्टू झाले होते, हेही लिहायला हवं. यात कुठला संत नाही, सुगी नाही, पुराणकथा नाही. १९९९ साली ‘हेमबाकनिंग्सरोदेत’ म्हणजे घरगुती बेकिंगचा प्रसार करणाऱ्या मंडळाला ४० वर्षं झाली, त्यानिमित्त तिथल्या केत गार्देस्तेत यांनी हा दिवस सुरू केला. मंडळामागे होते यीस्ट, पीठ, साखर आणि मार्जरीन विकणारे उत्पादक. म्हणजे माल खपवायला काढलेला दिवस, असं मी बहिणीला म्हणाले. ती म्हणाली, "संध्याकाळी शेजारच्या आजींकडे जायचंय. तिथे बोल हे."

आजी ८६ वर्षांच्या. इथे साठ-सत्तरच्या दशकांपासून लहानथोर सगळेच एकमेकांना ‘दू’, म्हणजे ‘तू’ म्हणतात आणि सरळ नावाने हाक मारतात. माझी जीभ काही वळेना. मी त्यांना ‘आजी’च म्हटलं. बहिणीने अर्थ सांगितल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "आईची आई की वडलांची आई?" स्वीडिशमध्ये दोघींना वेगळे शब्द आहेत, मोरमोर आणि फारमोर. मी म्हटलं, आमच्याकडे दोन्ही आजीच, शिवाय शेजारचीसुद्धा. त्यांना हे फार आवडलं.

ओट्यावर सगळं मांडून ठेवलेलं होतं. ५० ग्रॅम ताज्या यीस्टची वडी, दूध, लोणी, मैदा आणि एका कड्यात ओवलेली चार मापं. सगळ्यांत मोठं डेसिलिटरचं, म्हणजे १०० मिलिलिटरची वाटी. सगळ्यांत धाकटं ‘क्रिद्दमोत’, मसाल्याचं माप, फक्त १ मिलिलिटरचं. इथे घरोघरी हीच मापं वापरतात. आजींनी दूध तापवून त्यात करंगळी बुडवली आणि म्हणाल्या, "फिंगरवार्म." बोटाला ना गरम ना गार. आपल्या ‘कोमट’ला इतका नेमका भाऊ इथे भेटेल असं वाटलं नव्हतं. यीस्ट फार गरम दुधात मरतं, गार दुधात झोपून राहतं.

वेलदोड्याचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्याकडे जड दगडी खल होता. मी सवयीने चिमूटभर साखर घालून वस्त्रगाळ व्हावी अशी पूड करायला घेतली आणि आजींनी माझा हात धरला. नको, नको. भरड ठेव. पूड कणकेत विरून जाते, भरड दाणा भाजताना वास धरून ठेवतो आणि चावला की सोडतो. मी ऐकलं. सोललेल्या हिरव्या साली त्या कचऱ्यात टाकणार होत्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला. चहासाठी ठेवू द्या, म्हटलं. त्यांनी काही न विचारता एक पत्र्याची डबी पुढे केली.

वेलदोड्याच्या पाकिटावर ग्वातेमालाचं नाव होतं. मला उगाच हिरमुसल्यासारखं झालं. आपल्या पश्चिम घाटातला वेलदोडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या डोंगरांत लावला गेला, आणि आज जगात सर्वांत जास्त निर्यात तिथूनच होते. वायकिंगांनी कॉन्स्टँटिनोपलहून वेलदोडा उत्तरेला नेला, अशी एक गोष्ट इथे सांगतात. मात्र या शहरातल्या स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य व्यापार वेलदोड्याचा नव्हता. १७३१ साली निघालेल्या त्या कंपनीची जहाजं प्रामुख्याने चीनमधल्या कँटनला जात आणि चहा, चिनी मातीची भांडी, रेशीम घेऊन परतत. कंपनीच्या जुन्या इमारतीत आता शहराचं संग्रहालय आहे. १७४५ साली कंपनीचं एक जहाज चीनहून महिनोन्‌महिने प्रवास करून घरी पोचलं आणि बंदराच्या तोंडाशीच खडकावर आपटून बुडालं. ही हकिगत वाचून मी बराच वेळ त्या दालनात उभी होते.

कणीक फुगायला ठेवली आणि आजी बोलायला लागल्या. मी माझा माल खपवायचा मुद्दा काढला. त्यांनी तो नाकारला नाही. शांतपणे रेशनकार्डांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात स्वीडन लढाईत उतरला नव्हता, तरी साखर, पीठ, लोणी, कॉफी सगळं कुपनांवर होतं. त्यांची आई साखर एका उंच डब्यात साठवायची. त्या डब्याला हात लावला तर मार मिळायचा. वर्षातून दोनदा डबा खाली यायचा आणि घरात बुलार, म्हणजे बन, भाजले जायचे. "दोनदा," त्यांनी दोन बोटं दाखवली. दालचिनीचा बन स्वीडनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर दिसायला लागला, पण मैदा, साखर, लोणी आणि परदेशी मसाले हे सगळं एकत्र परवडायला १९५०चं दशक उजाडावं लागलं. मग मात्र घरोघरी भट्ट्या पेटल्या. पाहुण्या बायका कॉफीला आल्या की आधी बुलार, मग साधा केक, मग बिस्किटं. बिस्किटं सात प्रकारची हवीत. सहा केली तर कंजूष, आठ केली तर मिरवणारी.

एवढं ऐकल्यावर माझा मुद्दा मलाच थिटा वाटायला लागला. दिवस कुणी काढला याला महत्त्व आहेच. पण आजींच्या हाताखाली जी कणीक होती, तिच्यात त्या उंच डब्यातली साखर होती. १९९९ साली कुणी कॅलेंडरवर खूण केली नसती तर शेजारच्या सगळ्या मजल्यांवर एकाच संध्याकाळी ओव्हन लागले नसते, हेही खरंच.

स्वीडनच्या वर्षात असे दिवस पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा उगम निराळा. लेंटच्या उपवासाआधीच्या मंगळवारी ‘सेम्ला’ खातात. वेलदोड्याच्या बनची टोपी कापून आत बदामाचा गोळा आणि फेटलेली साय भरतात. उपवास धर्मसुधारणेनंतर मागे पडला, सेम्ला राहिला. १२ फेब्रुवारी १७७१ रोजी राजा अडॉल्फ फ्रेड्रिक मरण पावला, तो शेवंडं, मासे, शँपेन यांच्या प्रचंड जेवणावर गरम दुधातला सेम्ला खाऊन. शाळेतल्या मुलांना हा राजा बहुधा एवढ्याचसाठी ठाऊक असतो. २५ मार्चला वॉफल. तो मुळात मेरीमातेचा सण, ‘वोरफ्रूदागेन’. बोलता बोलता शब्द झिजला, ‘वोफेल’सारखा ऐकू यायला लागला आणि लोकांनी वॉफल करायला घेतले! भाषेच्या घसरणीतून पक्वान्न निघाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. १३ डिसेंबरला लुसियाच्या दिवशी केशराचे पिवळेधमक बन. आणि ६ नोव्हेंबरला, खास करून गोथेनबर्गमध्ये, राजा गुस्ताव अडॉल्फची पेस्ट्री. या राजाने १६२१ साली हे शहर वसवलं आणि १६३२ साली तो ल्युट्झेनच्या लढाईत पडला. पेस्ट्रीवर त्याची चॉकलेटची किंवा मार्झिपानची मुद्रा असते. एका राजाच्या मरणतिथीला त्याचा चेहरा खायचा, हे मला जड गेलं असतं. बरं झालं, मी नोव्हेंबरपर्यंत नव्हते.

या सगळ्यांत मला ४ ऑक्टोबरच जवळचा वाटला. त्यात राजा नाही, संत नाही. आहे ते घरी कणीक मळणाऱ्या हातांचं कौतुक.

फुगलेली कणीक लाटली, वळकटी केली, सुरीने काप केले. प्रत्येक काप कागदी वाटीत बसवला. पुन्हा कापडाखाली अर्धा तास. मग वर अंड्याचा हात, साखरेचे खडे आणि सव्वादोनशे अंशांवर आठ-दहा मिनिटं. पहिला ट्रे बाहेर आला तेव्हा काचा धुरकटल्या होत्या आणि बाहेर अंधार पडला होता. आजींनी बन जाळीवर काढले आणि लगेच सुती कापडाने झाकले. वाफ आत राहिली की बन मऊ राहतो, आपण पोळ्या फडक्यात गुंडाळतो तसंच. एकूण ४० भरले. त्यातले २० बहिणीच्या ऑफिससाठी.

दुसऱ्या दिवशी मी शहरभर फिरले. बेकऱ्यांपुढे रांगा, ट्राममध्ये मांडीवर कागदी पिशव्या. एका बालवाडीच्या कुंपणाआड मुलं आपण वळलेले वेडेवाकडे बन एकमेकांना दाखवत होती. संग्रहालयातसुद्धा कॉफीच्या टेबलांवर बनच. दुपारी चारला परत आले आणि आजींना चहाला बोलावलं. डबीतल्या साली काढल्या, पाण्यात आलं घालून उकळल्या, दूध घातलं. आजींनी कप नाकाशी धरला, डोळे मिटले. मग बन चहात बुडवला. असं इथे करतात की नाही, कोण जाणे, पण त्यांनी केलं.

"साली किती घातल्यास?" त्यांनी विचारलं.

"अंदाजाने," मी म्हटलं. बहिणीला या शब्दाचं स्वीडिश करताना फार कष्ट पडले.

आजी उठल्या, आपल्या घरी गेल्या आणि ते चार मापांचं कडं घेऊन आल्या. मला पुन्हा तेवढ्याच साली मुठीत घ्यायला लावल्या आणि त्या डेसिलिटरच्या मापात ओतून घेतल्या. जेमतेम पाव भरलं. त्यांनी पाककृतींची वही उघडली, लिहिलं: पाव डेसिलिटर साली, चार कप. वर चहाचं नाव म्हणून ‘आजी’ लिहिलं, आणि शेजारी तारीख घातली.