टाके भरले, त्यानंतरची वर्षे

माझ्या पहिल्या बाळंतपणात बाळाला बाहेर काढण्यासाठी चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागला आणि योनीमार्गाची फाटलेली जखम थेट गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेली. घरी परतताना हातात दिलेल्या कागदावर मात्र केवळ 'टाके घातले' एवढेच लिहिले होते. ही जखम तिसऱ्या श्रेणीची होती, हे मला पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडून कळले. या श्रेणीत शौच आणि वायू रोखून धरणारा स्नायू फाटतो, तर चौथ्या श्रेणीत गुदाशयाचे आतले अस्तरही फाटते.

टाके काही आठवड्यांत भरतात. स्नायूची ताकद तशी परततेच असे नाही. वायू न आवरणे, शौचाची घाई होऊन कपडे खराब होणे, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे हे त्रास काहींना वर्षानुवर्षे राहतात, आणि काहींना तर ते पाळी जाण्याच्या वयात, स्नायू आणखी सैल पडल्यावर, प्रथमच जाणवतात. मी लग्नकार्यांना जाणे बंद केले होते, आणि त्याचे कारण आईलाही सांगितले नव्हते.

बाळंतपणाचे दुखणे अंगावर काढण्याची आपली सवय इथे फार महागात पडते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकल्यावर माझा त्रास बराच कमी झाला. दुसऱ्या खेपेस गुदद्वाराची सोनोग्राफी करून, डॉक्टरांशी सविस्तर बोलून मी सिझेरियन निवडले.