शब्द टाकणारी माणसं

"देव एकच मानता ना तुम्ही? मग ही संतांची गाणी कशाला?" वसईची कॅथलिक आहे म्हटलं की विरार लोकलमध्ये कुणीतरी हे विचारतंच. बोरिवली येईपर्यंत मी काहीतरी अर्धवट सांगून उतरते. तुम्ही आज निवांत विचारलंत म्हणून नीट सांगते.

एकदा आमच्या गुरुदीक्षेला, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या विधीला या. दीक्षा घेणारा मुलगा वेदीपुढे पालथा पडलेला असतो, अंगभर पांढरा झगा, कपाळ फरशीला टेकलेलं. त्याच्या मागे उभं राहून आम्ही कॉयरवाले संतांची लितानी, म्हणजे एकेकाला हाक मारत जायची प्रार्थना गातो. चाल अगदी साधी, दोन-तीन सुरांतच फिरणारी. भजनी मंडळातल्या माणसाला दुसऱ्या ओळीला उचलता येईल. पेत्र, पौल, स्तेफन, आग्नेस, ऑगस्टीन... एकेक नाव आम्ही घ्यायचं आणि अख्ख्या चर्चने म्हणायचं, "आमच्यासाठी विनंती कर." सुरुवातीला देवाला हाक मारतो तेव्हा मात्र शब्द वेगळे: "दया कर." आजी हेच लॅटिनमध्ये म्हणायची, 'ओरा प्रो नोबिस' आणि 'मिसेरेरे नोबिस'. अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता, पण कुठे काय म्हणायचं ते ती कधी चुकली नाही. दया देवाने करायची. संतांनी फक्त आपल्यासाठी शब्द टाकायचा.

यादीत गावच्या संताचं नाव घालायची मुभा असते. आमच्याकडे गोन्सालो गार्सिया म्हटलं की उत्तराचा आवाज चढतोच, गाववाला ना! वसईत जन्मला, जपानात व्यापार केला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात संन्यासी बंधू झाला आणि जपानी येत होती म्हणून मिशनऱ्यांचा दुभाषा होऊन पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं, त्यांत हाही होता. संतपद मिळायला १८६२ उजाडलं. दुसऱ्यांचं म्हणणं पोचवण्यातच या माणसाचं आयुष्य गेलं, तेव्हा आमचंही त्यानेच पोचवावं असं वाटतं.

आणि मराठीत संत गाणं काही कालपरवाचं नाही. एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने (येशूसंघाच्या धर्मगुरूने) संत पेत्रावर चक्क ओवीबद्ध मराठी पुराण रचलं. ते गोव्यात १६२९ मध्ये छापलं. म्हणजे तुकोबांच्या हयातीत!

आमचे प्रॉटेस्टंट भाऊबंद म्हणतात, मधे कुणी कशाला, थेट बापालाच सांगा. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत. पण पोराच्या परीक्षेला मी शेजारच्या काकूंना "प्रार्थना करा हं" म्हणतेच, मग गोन्सालोला का नको?

आता आमच्या आईचं काय करायचं, ते मात्र मला विचारू नका. हरवलेलं शोधून देणारा संत म्हणजे अंतोनी, पण किल्ली हरवली की ती त्याला विनंतीबिनंती काही करत नाही. कपाटावरच्या मूर्तीकडे बघून सरळ दम देते.