आमची वाटचाल: एका न उमटणाऱ्या अक्षरापासून

आमचा मूळ धंदा टायपिंगचा. मी आणि धाकटा भाऊ, दोन कॉम्प्युटर, पानांच्या हिशेबानं मिळणारं काम. एकदा ऐन घाईत कीबोर्डवरचं 'ई' उमटेना. इंग्रजी मजकुरात सर्वांत जास्त लागणारं अक्षर नेमकं हेच. भावानं स्क्रू-ड्रायव्हर काढला, आणि आमच्या दुसऱ्या धंद्याला, म्हणजे कीबोर्ड दुरुस्तीला, सुरुवात झाली.

सगळे स्क्रू काढले तरी झाकण हलेना. एखादा स्क्रू लेबलाखाली दडलेला असतो, हे तेव्हा कुठे ठाऊक! आत डोकावलो तर यंत्र म्हणावं असं काहीच नाही. रबराचे छोटे घुमट आणि त्यांच्याखाली प्लॅस्टिकच्या तीन पातळ शीट. वरच्या-खालच्या शीटवर वीज वाहणाऱ्या शाईच्या रेघा, मधल्या शीटला प्रत्येक बटणाखाली भोक. बटण दाबलं की घुमट बसतो आणि भोकातून दोन रेघा एकमेकींना टेकतात. रेघेवर डाग दिसला म्हणून आम्ही थिनरनं खसाखसा पुसला. डाग गेला, रेघही गेली. 'ई'सोबत आणखी काही बटणं मेली, तीही एकमेकांपासून लांब लांबची.

ही लांबची बटणं एकदम का मेली, हे शोधण्यात आमचे चार दिवस गेले. शंभर बटणांना शंभर वेगळ्या तारा नसतात. आडव्या-उभ्या रेघांचं जाळं असतं. कंट्रोलर चिप एकेक रेघ सेकंदाला कित्येकदा तपासते आणि कोणती आडवी कोणत्या उभीला टेकली, त्यावरून बटण ओळखते. एक रेघ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं बंद. म्हणून आजही कुणी "सहा बटणं गेली" म्हणत आलं, तर आम्ही सहा दोष शोधत नाही. तुटलेली रेघ भिंगाखाली शोधायची, चांदीच्या शाईनं जोडायची. थिनर कायमचा हद्दपार. आता अल्कोहोल, तेही कापसाच्या बोळ्यानं, हलक्या हातानं.

गिऱ्हाईक वाढलं तसं लक्षात आलं की बरीचशी दुरुस्ती ही दुरुस्तीच नसते. लॅपटॉपवर 'जे-के-एल' दाबलं की १-२-३ उमटतात? वेगळं नंबर पॅड नसलेल्या कित्येक लॅपटॉपवर नम लॉक चुकून चालू झालं की असंच होतं. बाणाच्या बटणांनी चौकट हलण्याऐवजी एक्सेलचं सगळं पान सरकतं? स्क्रोल लॉक. नवं अक्षर पुढचं अक्षर खातं? इन्सर्ट. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबल्यावर विंडोज स्टिकी कीजबद्दल (शिफ्टसारखी बटणं धरून न ठेवता वापरायची सोय) विचारतं, तर माणसं व्हायरस समजून धावत येतात. अशा कामाचे आम्ही पैसे घेत नाही. भावाला हे पटत नाही, तो भाग वेगळा.

सर्वांत मोठा धडा मात्र एका डेटा एंट्री करणाऱ्या बाईंनी दिला. त्यांच्या कीबोर्डवरची 'एफ'ची कॅप, म्हणजे बटणावरचं अक्षराचं टोपण, तुटली होती. आम्ही दुसऱ्या अक्षराची कॅप बसवून त्यावर सुबक 'एफ' चिकटवला. बाईंनी न बघता बोटं ठेवली आणि लगेच उचलली. "उंचवटा कुठाय?" 'एफ' आणि 'जे'वर बारीक उंचवटा असतो, न बघता टाइप करणाऱ्याची तर्जनी तिथून आपली जागा ओळखते. नंबर पॅडच्या ५ वरही तो असतो. आम्ही इतकी वर्षं टायपिंग केलेलं, तेही बघून बघून, हे त्या दिवशी उघड झालं.

पुढे मेकॅनिकल कीबोर्ड आले. तिथे प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग. बिघडला तेवढा स्विच बदलायचा. काम स्वच्छ. स्पेसबारखालची स्टॅबिलायझरची, म्हणजे लांब बटण सरळ खाली जावं म्हणून असलेली, तार नीट बसली नाही तर मात्र खडखडाट होतो, आणि ती बसवताना भावाच्या तोंडी जे शब्द येतात ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

मोडीत निघालेल्या कीबोर्डच्या कॅप आम्ही टाकत नाही. अक्षरांची मांडणी १८७० च्या दशकातल्या टाइपरायटरपासून जवळपास तीच, पण कॅपखालची खाच मॉडेलगणिक निराळी, म्हणून ढीगभर कॅप चाळून एखादीच जुळते. एकेका बटणाचा एकेक डबा आहे. 'ई', 'ए' आणि एंटरचे डबे कायम तळ गाठलेले. पॉज-ब्रेकचा डबा मात्र ओसंडून वाहतो. तो अजून कुणी मागितलेला नाही.