लेबर रूमच्या लॉगबुकवरच्या सह्या: माझा अनुभव

बीएस्सी नर्सिंगला सहाव्या सेमिस्टरला मिडवायफरी, म्हणजे बाळंतपणाची शुश्रूषा, सुरू होते आणि सातव्यात पूर्ण होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या 2021 च्या अभ्यासक्रमात त्याबरोबर सुरक्षित प्रसूती शिकवणारं सेफ डिलिव्हरी अ‍ॅपही आहे. ते मी एसटीत जाता-येता मोबाइलवर केलं. व्हिडिओ बघायचे, प्रश्न सोडवायचे, पुढे जायचं. कुठेही अडलं नाही. अडलं ते कागदावर, आणि ते आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

लॉगबुकात, म्हणजे शिकलेल्या कामांच्या नोंदवहीत, प्रत्येक कौशल्यासमोर तारीख आणि ट्यूटरची सही लागते. ही सही हजेरीची नसते. विद्यार्थिनी तिसऱ्या पातळीला पोचली, म्हणजे कुणी शेजारी उभं न राहता ते काम नीट करू शकते, एवढी खात्री पटल्यावरच ती करायची असते. आमच्या ट्यूटर मॅडम लेबर रूममध्ये आमच्यासोबत उभ्या राहायच्या, मनापासून शिकवायच्या. पण पोस्टिंग, म्हणजे त्या विभागातल्या ड्युट्या, संपल्यावर सगळ्यांच्या सह्या एकदम करायच्या, ही कॉलेजची पद्धत. पोस्टिंग संपली आणि त्याच सुमारास मॅडम नोकरी सोडून गेल्या. माझी मिडवायफरीची पानं कोरी.

नव्या मॅडमनी स्वच्छ सांगितलं, "मी पाहिलेलं नाही, त्यावर मी सही करणार नाही." याबद्दल माझी त्यांच्यावर अजिबात तक्रार नाही. राग आहे तो त्यानंतर जे झालं त्याचा. ऑफिसने सांगितलं, सगळं पुन्हा करा. पुन्हा करायला हॉस्पिटलचं लेबर रूम हवं, तिथे तोवर दुसरी बॅच लागलेली, आणि कॉलेजच्या पत्राशिवाय आत घेत नाहीत. पत्र मागितलं तर क्लार्क म्हणाले प्राचार्यांची सही हवी. प्राचार्य म्हणाल्या आधी ट्यूटरचा रिपोर्ट आणा. नव्या मॅडम म्हणाल्या, मी काही पाहिलंच नाही तर रिपोर्ट कशाचा देऊ? या तीन दारांमध्ये मी किती दिवस फिरले असेन! प्रॅक्टिकलची तारीख जवळ येत होती आणि प्रत्येक जण मला पुढच्या दाराकडे बोट दाखवत होता.

याच काळात एका सीनियरने सुचवलं, एखाद्या ओळखीच्या मॅडमना गाठ, एका संध्याकाळी एकाच पेनने सगळं भरून टाकू. असं सर्रास चालतं म्हणे. मी नाही म्हटलं आणि त्याचा मला अभिमान आहे. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनची (रक्तस्राव रोखणाऱ्या इंजेक्शनची) 10 युनिट्स स्नायूत द्यायची, नाळ हलक्या हाताने नीट ओढून वार बाहेर काढायची, ती पूर्ण आली का ते तपासायचं. हे जिला जमत नाही तिच्या नावासमोर सही असेल, तर रक्तस्राव त्या आईला होणार.

सुटका झाली ती लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टरमुळे. "अगं, प्रसूती कुणी केली ते आमच्या रजिस्टरला लिहिलेलं असतं. तुझं नाव असेल बघ," त्या म्हणाल्या. खरंच होतं, ड्युटीवरच्या स्टाफ सिस्टरच्या नावाखाली. त्यांनी तारखा आणि रजिस्टरमधले नोंदणी क्रमांक घालून लेखी दिलं. बायकांची नावं नाहीत, ती कुठेही लिहू नका, रजिस्टरचा फोटो तर काढूच नका. तो कागद जोडून मी प्राचार्यांना अर्ज केला, आवक क्रमांक घेतला, शिक्क्याची झेरॉक्स जवळ ठेवली. तोंडी विचारत होते तोवर कुणी हललं नव्हतं. आवक क्रमांक पडल्यावर पत्र निघालं. मग नव्या मॅडमनी आधी मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) आणि नंतर लेबर रूममध्ये शेजारी उभं राहून माझं काम पाहिलं. त्यांनी पहिली सही केली तेव्हा मला रडू आवरलं नाही.

हजेरीचं सांगायचं राहिलं. परीक्षेला बसायला 80 टक्के पुरते, म्हणून मुली निर्धास्त राहतात. पण पदवी मिळण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागात 100 टक्के लागते. आजारपणाची रजासुद्धा भरून काढावी लागते, तीही त्याच विभागात. बालरुग्ण विभागातल्या जादा ड्युट्या लेबर रूमला चालत नाहीत. त्यामुळे आजारी पडलात तर बरं झाल्याबरोबर भरपाईच्या ड्युटीचा अर्ज द्या, सेमिस्टर संपेपर्यंत थांबू नका.

आणि कॉलेजची पद्धत काहीही असो, ड्युटी संपताना लॉगबुक उघडून मॅडमसमोर धरा. सातव्या सेमिस्टरला मी रोज तेच केलं. मॅडम घाईत असतील तर निदान तारीख आणि नोंदणी क्रमांक त्याच वेळी लिहून घ्या. ट्यूटर रजेवर असतील तेव्हा कुणाची सही चालेल, हे पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी विचारा आणि उत्तर लेखी मागा.