पहिले दोन दिवस खोगीर नको

उन्हाळी शिबिरात मुलं येतात ती घोड्यावर बसायला. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिल्याच सकाळी फावडं देऊन लीद उचलायला लावली की त्याचं तोंड पडतं, आणि संध्याकाळपर्यंत पालकही विचारतात, बसवणार कधी? दहा दिवसांचं शिबिर असेल तर तिसऱ्या दिवशी. पहिल्याच तासाला बसवून फोटो काढणारं शिबिर मुलांना आवडतं, पण त्यात घोडा शिकवला जात नाही, नुसती रपेट मिळते.

जमिनीवरचा पहिला धडा घोड्याच्या डोळ्यांचा. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते थेट शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं, नाकाखालचं. म्हणून जायचं डाव्या खांद्याच्या रोखाने, तोंडाने काहीतरी बोलत. मागून जावंच लागलं तर घोड्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे ढुंगणावर, हात ठेवून अगदी चिकटून जावं, नाहीतर तीनेक मीटर लांबून. मधलं अंतर सगळ्यांत वाईट, कारण एक-दीड मीटरवर लाथेला पूर्ण जोर मिळतो. आणि घोड्याचं डोकं मिठीत घेऊन सेल्फी काढायचा नाही. त्याने मान झटकली तर त्याचं हाड मुलाच्या नाकावर आदळतं.

दुसरा धडा बांधण्याचा. घोडा मोरकीला, म्हणजे तोंडात कडी नसलेल्या डोक्यावरच्या पट्ट्याला बांधतात, लगामाला कधीच नाही. बिचकून मागे ओढला तर तोंडातल्या कडीने जीभ आणि जबडा फाटतो. गाठ घोड्याच्या पाठीच्या उंचीवर हवी. दोर इतकाच सैल की मान हलवता येईल, पण पुढचा पाय त्यात अडकणार नाही. गाठ सुरगाठच, दोराचं मोकळं टोक ओढलं की सुटणारी. घाबरलेल्या घोड्याची निरगाठ ताणून इतकी आवळते की ती बोटांनी सुटत नाही, मग सुरी शोधत धावावं लागतं. खांबाच्या कडीला आधी सुतळीचा एक फास बांधून दोर त्यात अडकवला, तर अडचणीच्या वेळी सुतळी तुटते, घोड्याची मान वाचते. धरून चालवताना दोराचा वेढा हाताला कधीही घालायचा नाही. उरलेला दोर मागेपुढे घडी घालून मुठीत धरायचा.

मग खरारा. रबरी खरारा गोल फिरवून मळ वर काढायचा, नंतर केसांच्या दिशेने ब्रश. चेहऱ्यावर आणि गुडघ्यांखाली, जिथे कातडीखाली लगेच हाड आहे तिथे, खरारा नको, मऊ ब्रश. खोगिराची आणि तंगाची, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याची, जागा बोटांनी चाचपून बघायची. वाळलेल्या चिखलाचा एक खडा तिथे राहिला तर तासाभरात कातडी सोलते.

खूर उचलताना मुलांची एक ठरलेली चूक होते. शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं, हात खांद्यापासून खाली सरकवत न्यायचा, गुडघ्याखालच्या नळीमागची शीर हलकेच दाबायची, की घोडा पाय देतो. इथपर्यंत जमतं. मग मूल तो पाय स्वतःकडे, बाहेर ओढतं. घोड्याचा तोल जातो, तो अंगावर रेलतो किंवा पाय हिसकावून घेतो, आणि मूल म्हणतं घोडा खोडकर आहे. पाय त्याच्याच पोटाखाली, सरळ रेषेत धरला की तो शांत उभा राहतो. साफ करायचं टाचेकडून पुढच्या टोकाकडे. मधल्या रबरासारख्या त्रिकोणी भागात टोक खुपसायचं नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मात्र नीट उकरायच्या. तिथे काळी, घाण वास मारणारी घाण दिसली तर खूर कुजायला लागलाय. आधी ठाण, म्हणजे घोडा बांधायची जागा, कोरडं करायला हवं.

तिसऱ्या दिवशी खोगीर. ते थोडं पुढे ठेवून मागे सरकवायचं, म्हणजे खालचे केस सरळ बसतात. तंग एका दमात आवळायचा नाही. बरेच घोडे आवळताना अंग ताठ करतात, त्यामुळे घट्ट वाटलेला तंग पाच मिनिटांत सैल होतो आणि रिकिबीत पाय टाकताच खोगीर पोटाकडे फिरतं. एकेक भोक कसायचं, घोडा दहा पावलं चालवायचा, पुन्हा कसायचं, बसल्यावर तिसऱ्यांदा बघायचं. जो घोडा तंग बघून चावायला येतो, त्याचा तंग बहुधा कोणीतरी वर्षानुवर्षं हिसक्याने आवळलेला असतो.

रिकिबीची लांबी ढोबळमानाने हाताएवढी, बोटांच्या टोकापासून बगलेपर्यंत. बुटाला दोनेक सेंटिमीटर टाच हवीच, नाहीतर पाय आरपार जाऊन अडकतो आणि पडलेलं मूल फरफटतं. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर, सपाट. एकदा जोरात आदळलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं, कारण आतला दबलेला फोम पुन्हा फुगत नाही.

वजनाचं गणित शिबिरवाले सर्रास विसरतात. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, हा सर्वसाधारण नियम. ३०० किलोच्या तट्टावर एकूण ६० किलो. दहा किलोचं खोगीर वजा केलं की ५० उरतात. दहावीतला धिप्पाड मुलगा त्यात बसत नाही.

दुडकीत, म्हणजे घोड्याच्या उसळत्या मंद धावेत, मुलं आपटतात, घाबरून गुडघे आवळतात आणि तोल सावरायला लगाम ओढतात. तोंडावर ताण आला की घोडा मान वर फेकतो, पाठ खाली घेतो, आणखी आपटवतो. म्हणून पहिली दुडकी लांब दोरावर, गोलात, मुलाच्या हातात लगाम न देता. धरायला घोड्याच्या गळ्यात एक पट्टा. वीस मिनिटांत थांबायचं, गोल फिरण्याचा ताण सांध्यांवर येतो.

उन्हाळ्याचं वेळापत्रक घोड्याच्या सोयीने लावायचं. रपेट सकाळी साडेआठच्या आत संपवावी, एका घोड्यावर दिवसाला दोनच पाळ्या. खुराक आणि काम यांत निदान तासाभराचं अंतर. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी जबड्याच्या कडेखाली लागते. पंधरा सेकंद मोजून चौपट करायची. रपेटीनंतर दहा-पंधरा मिनिटं चालवूनही नाडी ६० च्या खाली आली नाही, तर त्या दिवशी त्याला सुट्टी. तापलेल्या घोड्याला पाणी पाजलं तर पोट दुखतं ही समजूत जुनी आहे, पण चुकीची. पाणी पिऊ द्यावं, आणि सगळ्या अंगावर गार पाणी ओतत राहावं. कामाशिवायही तो दिवसाला २५ ते ४५ लिटर पितो, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त.

पोटाकडे वळून वळून बघणं, पाय आपटणं, लोळणं, लीद न टाकणं ही पोटशूळाची लक्षणं मुलांना पाठ हवीत. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटशूळ जीव घेऊ शकतो. वैरण काढून घ्यायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. आपल्या मनाने औषध द्यायचं नाही.

शेवटच्या दिवशी पालकांसमोर भरधाव दौड दाखवायचा मोह आयोजकांना होतो. त्याऐवजी प्रत्येक मुलाने एकट्याने घोडा ठाणातून आणावा, बांधावा, चारही खूर साफ करावेत, खोगीर चढवावं, दुडकीची एक फेरी मारावी, सगळं उतरवून त्याला पाणी दाखवावं. यात चाळीस मिनिटं जातात आणि पालक कंटाळतात. कंटाळू द्यावं.