तुम्ही विचारलंत म्हणून: ४,२९,४९,६७,२९७ मध्ये आवडण्यासारखे काय आहे?

आवडती संख्या म्हणून मी ४,२९,४९,६७,२९७ सांगते, तेव्हा एवढ्या लांबलचक संख्येत आवडण्यासारखे काय आहे, असे मला हमखास विचारले जाते. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवला की ही संख्या तयार होते, आणि तिचे सारे गुण या साध्या घडणीतूनच येतात.

३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या तिच्या थोरल्या बहिणी. त्यांच्यासाठी २ चे अनुक्रमे १, २, ४, ८ आणि १६ हे घात घ्यावे लागतात, आणि त्या पाचही मूळ संख्या आहेत. त्यावरून पुढच्याही सर्व मूळच असणार, असे सतराव्या शतकात गणितज्ञ पिएर द फर्मा यांना वाटले. परंतु ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो, हे लिओनार्ड ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवले.

वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचे म्हटले, तर अशा ६,५४२ संख्या आहेत. एवढे कष्ट मात्र पडत नाहीत. एखादी मूळ संख्या या संख्येला भागत असेल, तर तिने २ च्या घातांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्या बरोबर ६४ पायऱ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, आणि म्हणून ती विभाजक संख्या ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठी असावीच लागते. हा निष्कर्ष फर्मा यांच्याच प्रमेयातून निघतो, याची मला आजही हळहळ वाटते. अशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. म्हणजे पाचव्याच भागाकारात उत्तर हाती येते.

माझा सर्वांत आवडता भाग मात्र भागाकाराशिवायचा आहे. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यावर बाकी −१ (म्हणजे १ कमी) धरता येते. दोन्हींचा चौथा घात घेतला, की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १ येते. आता ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा आहे. तेव्हा ६२५ च्या जागी −१६ ठेवले, आणि १६ हा २ चा चौथा घात असल्यामुळे, २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ ठरते. त्यात १ मिळवला की बाकी शून्य! अख्खी सिद्धता चार ओळींत मावते.

दुसरा अवयव ६७,००,४१७. तो मूळ आहे का, हे तपासतानाही ६४ ची अट लागू राहते आणि पहिले चार उमेदवार आधीच बाद झालेले असतात. त्यामुळे ६४१, ७६९, १,१५३, १,२१७, १,४०९, १,६०१ आणि २,११३ एवढेच सात भागाकार उरतात. ते कागदावर करून पाहावेत. एकाही वेळी बाकी शून्य येत नाही. शेवटच्या २,११३ ने भागल्यावर ९४ उरतात, आणि ६७,००,४१७ मूळ ठरते.