विमानतळामागचं गाव

अमेरिकेतून मुंबईला येताना नारिता विमानतळावर सात-आठ तासांचा लेओव्हर पदरात पडला, की आपल्या मंडळींत दोन तट पडतात. एक गट प्लग पॉइंट शोधून तिथेच बस्तान मांडतो. दुसरा म्हणतो, चला, टोकियो उरकून येऊ.

हे उरकणं मला कधी झेपलं नाही. नारिता टोकियोचं म्हणवतं खरं, पण शहर तिथून साठेक किलोमीटर लांब. स्कायलायनर ही वेगवान गाडी चाळीसेक मिनिटांत टोकियोतल्या निप्पोरीला सोडते, कबूल. पण आधी इमिग्रेशनची रांग, मग तिकीट, पुढे गाडी बदलून शिबुया, त्या सुप्रसिद्ध चौकात गर्दीतला एक फोटो, आणि घड्याळाकडे बघत तसंच माघारी. सगळा जीव परतीच्या गाडीत अडकलेला.

त्यापेक्षा सामान लॉकरमध्ये टाकावं, केइसेइ रेल्वेची साधी गाडी पकडावी आणि दहाएक मिनिटांत केइसेइ-नारिता स्टेशनवर उतरावं. ज्या गावाचं नाव आपल्या तिकिटावर छापलेलं असतं, ते गाव खरोखरच आहे आणि विमानांच्या हजार वर्षं आधीपासून आहे. विमानतळ सुरू झाला १९७८ मध्ये. इथलं शिन्शोजी मंदिर ९४० सालचं.

स्टेशनपासून मंदिराकडे उतरत जाणारा रस्ता म्हणजे ओमोतेसांदो. दोन्ही बाजूंना जुनी लाकडी दुकानं आणि हवेत गोडसर, सोया सॉसचा खरपूस धूर. हा धूर उनागीचा, म्हणजे ईल माशाचा. काही दुकानांत कारागीर दर्शनी भागातच पाट मांडून बसतात. वळवळता मासा पाटावर घेतात, डोक्यात एक खिळा ठोकून तो जागच्या जागी धरतात आणि पाठीकडून एका ओढीत सुरी शेपटीपर्यंत नेतात. पुढच्या क्षणी काटा वेगळा, मांस वेगळं. मग भाजणं, वाफवणं, सॉसमध्ये बुडवून पुन्हा भाजणं. बघवलं तर खावं. शाकाहाऱ्यांनी नजर चुकवून पुढे सरकावं. नारिता ज्या प्रांतात येतं तो चिबा म्हणजे जपानचा शेंगदाण्याचा प्रांत, भाजक्या शेंगा इथे हमखास मिळतात. जोडीला योकान घ्यावं: लाल अझुकी या कडधान्याची, अगार घालून घट्ट केलेली वडी. चहाबरोबर उत्तम, नुसती खाल्ली तर फार गोड.

मंदिरातला देव फुदो म्योओ, म्हणजे बौद्ध परंपरेतला अचल. एका हातात तलवार, दुसऱ्यात पाश, पाठीमागे ज्वाळा आणि चेहरा असा, की नवस बोलायच्या आधी माणूस दोनदा विचार करील. इथे दिवसातून अनेकदा होम होतो. मोठा ढोल छातीत घुमतो, मंत्रांचा वेग वाढत जातो, आणि भक्तांनी इच्छा लिहून दिलेल्या लाकडी पट्ट्या अग्नीत पडतात. शेवटी लोक पर्सा, पिशव्या घेऊन रांग लावतात आणि पुजारी त्या ज्वाळांना दाखवून परत देतात. आतमध्ये पासपोर्ट आणि बोर्डिंग पास असेल तर श्रद्धेची खरी कसोटी तिथेच लागते.

मंदिरात जायला पैसे लागत नाहीत. मागे मोठी बाग आहे, वेळ उरलाच तर तळ्याकाठी बसावं. दुकानं मात्र लवकर मिटतात, त्यामुळे हा बेत दिवसाच्या लेओव्हरचा. रात्री हानेदाला, म्हणजे टोकियोच्या दुसऱ्या विमानतळावर, अडकलात तर टर्मिनल ३ मध्येच एदो काळासारखी सजवलेली दुकानांची गल्ली आहे, तेवढ्यावर भागवावं. नागोयाला उतरलात तर शेजारीच तोकोनामे हे कुंभारांचं गाव आहे. तिथल्या एका चढाच्या भिंतीच भाजक्या मातीच्या नळांनी रचल्या आहेत, आणि रस्त्यावरून डोकावणारं मांजराच्या शिल्पाचं प्रचंड डोकं बघितल्याशिवाय परत येऊ नये.

आणि हो, भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडायला व्हिसा लागतो. तो घरून निघतानाच हातात असू द्यावा. नसेल तर पहिल्या गटात सामील होऊन प्लग पॉइंट शोधावा.